वाहाकातील उत्सव आणि हातमाग वस्त्रपरंपरा

वाहाकातील उत्सव आणि हातमाग वस्त्रपरंपरा म्हणजे मेक्सिकोच्या दक्षिणेकडील वाहाका राज्यातील मूलनिवासी समाजांची विणकाम, रंगकाम व भरतकामाची परंपरा आणि ही वस्त्रे ज्यांत प्रामुख्याने परिधान केली जातात ते सण-उत्सव होत. कमरेला बांधून चालवला जाणारा माग, 'उईपिल' हा स्त्रियांचा अंगरखा, कोचिनियल किड्यापासून मिळणारा लाल रंग आणि समुद्री गोगलगाईपासून मिळणारा जांभळा रंग ही या परंपरेची ठळक वैशिष्ट्ये आहेत. जुलै महिन्यातील गेलागेत्सा, मे महिन्यातील हुचितान शहराच्या 'वेला' आणि नोव्हेंबरच्या प्रारंभी येणारे मृतांचे दिवस हे येथील प्रमुख उत्सव आहेत. एखाद्या स्त्रीच्या वस्त्रावरून तिचा समाजच नव्हे, तर पुष्कळदा तिचे गावही ओळखता येते. एकविसाव्या शतकात या नक्ष्यांच्या व्यापारी नकलेमुळे सामूहिक मालकीचा प्रश्न निर्माण झाला असून त्यावर मेक्सिकोने २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे.

पार्श्वभूमी

वाहाका राज्य पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर वसलेले असून त्याचा बराचसा भाग डोंगराळ आहे. २०२० च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे ४१ लाख असून त्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोक मूलनिवासी भाषा बोलतात. सापोतेक, मिश्तेक, मासातेक, चिनान्तेक, मिहे, त्रिकी, आमुस्गो, चातिनो आणि उआवे हे येथील काही प्रमुख समाज होत. उंच पर्वतरांगा आणि खोल दऱ्यांमुळे गावे दीर्घकाळ एकमेकांपासून अलग राहिली. त्यामुळे एकाच भाषेच्या बोलींमध्ये जशी भिन्नता आली, तशीच ती वस्त्रांतही आली. राज्यात ५७० नगरपालिका असून त्यांपैकी चारशेहून अधिक ठिकाणी पक्षीय निवडणुकीऐवजी ग्रामसभा व रूढी यांच्या आधारे कारभारी निवडले जातात.

या ग्रामजीवनाचे दोन आधार आहेत. पहिला 'तेकियो', म्हणजे गावाच्या कामासाठी प्रत्येक कुटुंबाने द्यावयाचे विनामूल्य श्रम. दुसरा 'गेलागेत्सा'. हा शब्द सापोतेक भाषेतून आला असून परस्परांना वस्तू किंवा श्रमांची भेट देणे, असा त्याचा आशय आहे. विवाह किंवा गावजत्रेचा खर्च ज्या घरावर येतो, त्या घराला इतर कुटुंबे मका, कोको, टर्की पक्षी किंवा मेस्काल हे मद्य आणून देतात. आहेराची वही ठेवावी तशी या देण्याची नोंद ठेवली जाते आणि देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की तेवढीच परतफेड करणे बंधनकारक मानले जाते. राज्याच्या सर्वांत मोठ्या उत्सवाचे नाव या रिवाजावरून पडले आहे.

इतिहास

स्पॅनिशपूर्व काळ

स्पॅनिश आगमनापूर्वी मध्य अमेरिकेत विणकाम हे स्त्रियांचे काम मानले जाई. सोळाव्या शतकाच्या मध्यास तयार झालेल्या मेंदोसा हस्तलिखितातील चित्रांत आई मुलीला प्रथम टकळीवर सूत कातण्याचे आणि १४ व्या वर्षी मागावर विणण्याचे शिक्षण देताना दाखवली आहे. याच हस्तलिखितात अस्तेक राज्यकर्त्यांना प्रांतोप्रांतीहून मिळणाऱ्या खंडणीची यादी असून वाहाकाच्या खोऱ्यातून येणाऱ्या खंडणीत कापडाचे गठ्ठे आणि कोचिनियलच्या थैल्या यांचा समावेश आहे. कापड हे केवळ वापराचे नव्हे, तर विनिमयाचेही साधन होते. १९३२ मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांना मोन्ते आल्बान येथील सातव्या क्रमांकाच्या थडग्यात सोन्याच्या दागिन्यांबरोबर कोरीव हाडांच्या पट्ट्या सापडल्या. यांतील काही पट्ट्या मागाच्या हत्यारांच्या आकाराच्या असून त्या विणकामाची प्रतीकात्मक साधने असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात.

वसाहतकाळ

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेंढ्या, लोकर, रेशमाचे किडे आणि पायाने चालवायचा माग आणला. डोमिनिकन धर्मगुरूंच्या प्रोत्साहनाने मिश्तेक प्रदेशात रेशीम उद्योग भरभराटीला आला. परंतु मनिला येथून येणाऱ्या जहाजांतून चिनी रेशीम मिळू लागल्यावर त्याला उतरती कळा लागली. उत्तरेकडील डोंगरांतील सान पेद्रो काहोनोस या गावात रेशीमकिडे पाळून हाताने सूत काढण्याची परंपरा आजही आहे.

याच काळात कोचिनियल हा चांदीखालोखाल नव्या स्पेनमधील सर्वांत मौल्यवान निर्यात माल ठरला. युरोपातील उंची वस्त्रे, धर्मगुरूंचे झगे आणि सैनिकी अधिकाऱ्यांचे गणवेश यांसाठी त्याला मोठी मागणी होती. हा रंग बी आहे की कीटक, याविषयी युरोपात दीर्घकाळ संभ्रम होता आणि स्पेनने उत्पादनाची पद्धत गुप्त राखली होती. १७७७ मध्ये थिएरी द मेनोव्हिल या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने वाहाकातून निवडुंगासह हे किडे चोरून कॅरिबियन बेटावरील फ्रेंच वसाहतीत नेले. एकोणिसाव्या शतकात ग्वातेमाला आणि कॅनरी बेटांत उत्पादन वाढले व पुढे कृत्रिम रंग आल्यावर वाहाकाची बाजारपेठ कोसळली.

विसावे शतक

१९१० च्या क्रांतीनंतर मेक्सिकोच्या शासनाने व कलावंतांनी मूलनिवासी कलांना राष्ट्रीय अस्मितेचे प्रतीक म्हणून पुढे आणले. चित्रकार फ्रीदा काहलो हिची आई मूळची वाहाकाची होती. फ्रीदाने तेहुआंतेपेक प्रदेशातील स्त्रियांचा पोशाख स्वतः वापरला आणि १९३९ च्या 'दोन फ्रीदा' या चित्रातही तो रंगवला. त्यामुळे हा पोशाख मेक्सिकोबाहेर सर्वाधिक परिचित झाला. मात्र या गौरवाच्या काळातही पोशाख विणणाऱ्या समाजांची भाषा शाळांमधून दडपली जात होती आणि शहरात गावचे वस्त्र घालणाऱ्या स्त्रीला अवहेलनेला सामोरे जावे लागत होते. यामुळे अनेक गावांत दैनंदिन वापरातून हे वस्त्र मागे पडले आणि सणासुदीपुरते उरले.

माग आणि विणकाम

कंबरमाग

या परंपरेचे मूळ साधन म्हणजे कमरेचा माग. त्याला कायमची चौकट नसते. ताण्याचे धागे दोन काठ्यांमध्ये ताणलेले असतात. वरची काठी झाडाला किंवा घराच्या खांबाला दोरीने बांधतात, तर खालची काठी विणणारीच्या कमरेमागून जाणाऱ्या पट्ट्याला जोडलेली असते. विणणारी स्त्री जमिनीवर गुडघे टेकून किंवा बसून मागे रेलते तेव्हा ताणा घट्ट होतो आणि पुढे झुकते तेव्हा सैल पडतो. म्हणजे तिचे शरीर हाच मागाचा एक भाग असतो. एका काठीने एकाआड एक धागे उचलून वाट केली जाते, तीमधून बाण्याचा धागा सरकवला जातो आणि तलवारीच्या आकाराच्या लाकडी पट्टीने तो ठोकून बसवला जातो. अशाच प्रकारचे माग ईशान्य भारतातील नागालँड, मणिपूर इत्यादी राज्यांतही वापरले जातात.

या मागाच्या रचनेमुळे वस्त्राचे स्वरूप ठरते. कापडाची रुंदी विणणारीचे हात पोहोचतील तेवढीच असते. म्हणून उईपिल बहुधा दोन किंवा तीन अरुंद पट्टे जोडून तयार केला जातो. कापड मागावरच हव्या त्या लांबीचे विणले जाते व त्याचे चारही काठ पूर्ण असतात. ते कापावे लागत नाही, वायाही जात नाही. पट्ट्यांची शिवण लपवली जात नाही. रंगीत टाक्यांनी वा फितीने ती सजवली जाते आणि नक्षीचाच भाग बनते.

नक्षी काढण्याची प्रमुख पद्धत म्हणजे विणताना मूळ बाण्याबरोबर जादा रंगीत धागा हाताने घालणे. दुरून हे भरतकाम वाटते. प्रत्यक्षात नक्षी कापडाबरोबरच आकाराला येते. नक्षी कागदावर काढलेली नसते. धाग्यांची मोजणी स्मरणात ठेवून किंवा जुने वस्त्र समोर ठेवून ती विणली जाते. बारीक नक्षीचा एक उईपिल पूर्ण होण्यास अनेक महिने लागू शकतात, कारण विणकाम स्वयंपाक, शेती आणि मुलांचे संगोपन यांतून उरलेल्या वेळात केले जाते.

पायमाग

राजधानीपासून जवळच असलेले तेओतित्लान देल व्हाये हे सापोतेक गाव पायमागावरील लोकरी गालिचांसाठी प्रसिद्ध आहे. येथे मागावर बसण्याचे काम परंपरेने पुरुषांचे होते, तर लोकर पिंजणे, कातणे आणि धुणे ही कामे स्त्रिया करीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रियाही मागावर बसू लागल्या आणि १९८० च्या दशकापासून त्यांनी स्वतःच्या सहकारी संस्था स्थापन केल्या. गावच्या गालिचांवर दिसणारी पायऱ्या-पायऱ्यांची व वळणांची भौमितिक नक्षी मित्ला येथील प्राचीन वास्तूंच्या दगडी भिंतींवरील नक्षीशी मिळतीजुळती आहे. पर्यटक व आयातदारांच्या मागणीनुसार येथील विणकरांनी आधुनिक चित्रकारांच्या चित्रांवर आधारित गालिचेही विणले आहेत.

सूत आणि रंग

किनारपट्टीच्या प्रदेशात कापूस मुख्य आहे. पांढऱ्या कापसाबरोबरच 'कोयुचे' नावाचा नैसर्गिकरीत्या तपकिरी रंगाचा कापूस येथे पिकतो आणि तो न रंगवता वापरला जातो. थंड डोंगराळ भागात लोकर वापरतात. बाजारात मिळणारे गिरणीचे सूत आणि कृत्रिम धागेही आज मोठ्या प्रमाणावर प्रचलित आहेत.

कोचिनियल

हा निवडुंगावर वाढणारा लहान कीटक आहे. त्याच्या मादीच्या शरीरात कार्मिनिक आम्ल असते. माद्या हाताने गोळा करून वाळवतात व वाटून त्यांचा रंग काढतात. एक किलो वाळवलेल्या रंगद्रव्यासाठी एक लाखाहून अधिक कीटक लागतात. तुरटीची प्रक्रिया केलेल्या लोकरीवर गडद लाल रंग चढतो. त्यात लिंबाचा रस घातल्यास तो नारिंगीकडे झुकतो आणि क्षारयुक्त पदार्थ घातल्यास जांभळट होतो. त्यामुळे एकाच कीटकापासून अनेक छटा मिळतात.

नीळ

तेहुआंतेपेकच्या संयोगभूमीतील सान्तियागो निल्तेपेक येथे निळीच्या झुडपापासून रंग तयार करण्याची पद्धत अजून टिकून आहे. पाला पाण्यात कुजवून ते पाणी घुसळले जाते. हवेशी संयोग झाल्यावर निळा गाळ तळाशी बसतो व तो वाळवून त्याच्या वड्या केल्या जातात. पिवळ्या रंगासाठी झेंडूच्या कुळातील 'पेरिकोन' ही वनस्पती वापरतात. निळीवर पिवळा रंग चढवून हिरवा मिळवला जातो.

समुद्री जांभळा

पॅसिफिक किनाऱ्यावरील खडकांना चिकटलेल्या एका समुद्री गोगलगाईपासून हा रंग मिळतो. मिश्तेक भाषेत तिला 'तिशिन्दा' म्हणतात. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर प्राचीन काळी जांभळ्या रंगासाठी गोगलगाई मारल्या जात. वाहाकात मात्र ती जिवंत ठेवली जाते. पिनोतेपा दे दोन लुईस या गावातील रंगारी ओहोटीच्या वेळी खडकावरून गोगलगाय सोडवतात, तिला डिवचून बाहेर पडणारा स्राव थेट सुताच्या लडीवर घेतात आणि तिला पुन्हा ओल्या खडकावर ठेवतात. सूत प्रथम दुधाळ दिसते. ऊन व हवा लागताच ते पिवळे, मग हिरवे आणि शेवटी जांभळे होते. रंगारी हिवाळ्याच्या महिन्यांत उआतुल्कोच्या किनाऱ्यापर्यंत प्रवास करतात आणि एका जागेवरील गोगलगाईंना पुन्हा स्राव साठवण्यास अवधी देतात.

१९८० च्या दशकात एका परदेशी कंपनीने याच किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणावर रंग काढण्यास प्रारंभ केल्याने गोगलगाईंची संख्या झपाट्याने घटली. रंगाऱ्यांनी व अभ्यासकांनी आवाज उठवल्यानंतर १९८८ मध्ये मेक्सिको सरकारने या प्रजातीच्या वापरावर निर्बंध घातले आणि तो परंपरागत मिश्तेक रंगाऱ्यांपुरता मर्यादित केला. तरीही अवैध मासेमारी व किनाऱ्यावरील पर्यटन यांमुळे ही प्रजाती संकटात असून रंगाऱ्यांची संख्याही अगदी मोजकी उरली आहे.

कृत्रिम रंग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेले कृत्रिम रंग विणकरांनी लवकर स्वीकारले. चिनान्तेक समाजाच्या सान फेलिपे उसिला या गावात तर विणून झालेल्या समारंभी उईपिलावर जांभळट-गुलाबी कृत्रिम रंगाचा हात फिरवण्याची रीत रूढ झाली. म्हणून केवळ नैसर्गिक रंग म्हणजेच परंपरा, ही समजूत पूर्णतः खरी नाही.

प्रमुख वस्त्रप्रकार

उईपिल

नाहुआत्ल भाषेतील 'उईपिल्ली' या शब्दावरून हे नाव आले आहे. सरळ पट्टे जोडून, डोक्यासाठी मध्ये छेद ठेवून आणि बाजू शिवून तयार केलेला हा सैल अंगरखा आहे. त्याची लांबी गावानुसार कमरेपासून घोट्यापर्यंत बदलते. त्रिकी स्त्रियांचा लाल आडव्या पट्ट्यांचा उईपिल जवळजवळ पायघोळ असतो. आमुस्गो स्त्रियांच्या उईपिलावर फुले, पक्षी व भौमितिक आकृत्या यांची दाट नक्षी असते. हा समाज वाहाकातील सान पेद्रो आमुस्गोस आणि शेजारच्या गेरेरो राज्यातील शोचिस्त्लाउआका येथे राहतो. काही गावांत विवाहाचा उईपिल जपून ठेवून मृत्यूनंतर स्त्रीला त्याच वस्त्रात दफन करण्याची रीत नोंदवलेली आहे.

पोसाउआन्को

किनारपट्टीच्या मिश्तेक स्त्रियांचे कमरेला गुंडाळण्याचे वस्त्र. पारंपरिक पोसाउआन्कोमध्ये कोचिनियलचा लाल, निळीचा निळा आणि गोगलगाईचा जांभळा असे तीनही रंग पट्ट्यांच्या रूपात एकत्र येतात. जांभळ्या सुताची किंमत फार असल्याने आज अनेक पोसाउआन्को कृत्रिम रंगांत विणले जातात.

तेहुआना पोशाख

तेहुआंतेपेक व हुचितान येथील सापोतेक स्त्रियांचा हा पोशाख मखमलीच्या आखूड उईपिलाचा व घोळदार घागऱ्याचा असतो. दोन्हींवर रेशमी धाग्याने मोठी फुले भरलेली असतात. ही फुले मनिलामार्गे आलेल्या चिनी भरतकामाच्या शालींवरून घेतली असावीत, असे मानले जाते. समारंभी डोक्यावर घेतला जाणारा चुणीदार पांढऱ्या लेसचा आवरणपट चेहऱ्याभोवती प्रभावळीसारखा उभा राहतो. हा पोशाख प्रामुख्याने भरतकामाचा आहे, कंबरमागाचा नव्हे.

सान आन्तोनिनोचे भरतकाम

सान आन्तोनिनो कास्तिल्यो व्हेलास्को या गावातील सदऱ्यांवर फुलांचे बारीक भरतकाम असते. चुण्यांवर हात धरून उभ्या असलेल्या चिमुकल्या माणसांच्या रांगेचा एक अवघड टाका येथे घातला जातो. त्याला 'जमले तर कर' अशा अर्थाचे नाव आहे.

प्रमुख उत्सव

गेलागेत्सा

हा उत्सव वाहाका शहरातील फोर्तीन टेकडीवर १६ जुलैनंतरच्या दोन सोमवारी साजरा होतो. म्हणून त्याला 'टेकडीचे सोमवार' असेही म्हणतात. सोमवारी १८ जुलै ही तारीख आल्यास उत्सव आठवडाभर पुढे ढकलला जातो, कारण वाहाकात जन्मलेले सापोतेक राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांचा तो स्मृतिदिन आहे. या उत्सवाचे मूळ मक्याच्या देवतेच्या प्राचीन पूजेत आणि पुढे त्यात मिसळलेल्या कार्मेन मातेच्या कॅथलिक सणात शोधले जाते. आजचे स्वरूप मात्र अलीकडचे आहे. १९३२ मध्ये वाहाकाला शहराचा दर्जा मिळाल्याच्या चारशेव्या वर्षानिमित्त राज्याच्या सर्व प्रदेशांतील प्रतिनिधींनी आपापल्या पोशाखांत येऊन शहराला भेटी अर्पण केल्या. त्या समारंभातून आजचा उत्सव घडला. १९७० च्या दशकात टेकडीवर खुले प्रेक्षागृह बांधण्यात आले.

राज्याच्या आठही प्रदेशांतील पथके येथे नृत्ये सादर करतात आणि नृत्य संपल्यावर फळे, पाव, टोप्या, विणलेल्या वस्तू असा आपल्या गावचा माल प्रेक्षकांकडे भिरकावतात. ही गेलागेत्साच्या मूळ देवघेवीची खूण आहे. पथकांची निवड करणारी समिती पोशाख, संगीत व नृत्य यांच्या अस्सलपणाची तपासणी करते. मक्याच्या देवतेचे, सेन्तेओत्लचे, रूप घेणाऱ्या तरुणीची निवड सौंदर्यापेक्षा तिला आपल्या समाजाच्या चालीरीती व पोशाखाविषयी असलेल्या ज्ञानावर केली जाते.

अस्सलपणाचा प्रश्न येथे गुंतागुंतीचा आहे. उत्सवातील सर्वांत लोकप्रिय 'फ्लोर दे पिन्या' म्हणजेच अननसाचे फूल हे नृत्य १९५८ मध्ये राज्यपालांच्या सूचनेवरून शिक्षिका पाउलिना सोलिस ओकाम्पो यांनी रचले. रांगेत नाचणाऱ्या तरुणींच्या खांद्यावर अननस असतो आणि अंगावर उसिला, ओहित्लान, हालापा दे दियास, व्हाये नासिओनाल अशा वेगवेगळ्या गावांचे उईपिल असतात. नृत्य नवे असले तरी उईपिल जुन्या परंपरेतील असतात. याउलट खोऱ्यातील गावांत प्रचलित असलेले 'पिसांचे नृत्य' कित्येक पिढ्यांचे आहे. मोक्तेसुमा आणि कोर्तेस यांच्यातील संघर्षाची कथा ते सांगते. तेओतित्लानमध्ये या नृत्यातील तरुण तीन वर्षांचा नवस बोलून त्यात उतरतात.

२००६ मध्ये शिक्षकांच्या आंदोलनातून उद्भवलेल्या संघर्षामुळे अधिकृत उत्सव रद्द झाला. आंदोलकांनी महागड्या तिकिटांना विरोध म्हणून विनामूल्य 'लोकांची गेलागेत्सा' भरवली आणि ती पुढेही चालू राहिली. भेट म्हणून जन्मलेला उत्सव पर्यटकांना विकला जावा काय, हा त्या वादाचा गाभा होता. २०२० मध्ये महासाथीमुळे उत्सव झाला नाही.

हुचितानच्या वेला

'वेला' म्हणजे मेणबत्ती, तसेच जागरण. संतांच्या, कुटुंबांच्या किंवा व्यवसायांच्या नावाने रात्रभर चालणारे हे मेळावे मुख्यतः मे महिन्यात होतात. स्त्रियांनी तेहुआना पोशाखात येणे अपेक्षित असते. दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीत सजवलेल्या गाड्यांवरून फळे व भेटवस्तू वाटल्या जातात. जन्माने पुरुष असून स्त्रीची भूमिका स्वीकारणाऱ्या 'मुशे' समुदायाची स्वतंत्र वेला नोव्हेंबरमध्ये असते. पोशाखांवरील भरतकामात मुशे कारागिरांचा मोठा वाटा आहे. ७ सप्टेंबर २०१७ च्या ८.२ तीव्रतेच्या भूकंपात हुचितानची मोठी हानी झाली आणि अनेक भरतकाम करणाऱ्यांची घरे, म्हणजेच कामाच्या जागा, नष्ट झाल्या.

मृतांचे दिवस

१ व २ नोव्हेंबर रोजी दिवंगतांचे आत्मे घरी येतात, अशी श्रद्धा आहे. मूलनिवासी समाजांच्या या सणाचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत २००८ मध्ये झाला. घरोघरी वेदी मांडून तिच्यावर विणलेले वा भरतकामाचे कापड अंथरतात आणि पाव, चॉकलेट, मोले, मेस्काल व मृताच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. कोपाल या राळेचा धूप जाळला जातो. सान आगुस्तिन एत्ला परिसरात आरसे व घुंगरे लावलेले जड पोशाख घालून तरुण रात्रभर मिरवणूक काढतात. वेदी व कबरी 'सेम्पासुचिल' या केशरी फुलांनी सजवल्या जातात. महाराष्ट्रात दसऱ्याच्या तोरणात असणारा झेंडू तो हाच. ही वनस्पती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील असून युरोपीय व्यापाराच्या काळात ती भारतात पोहोचली.

उत्सव आणि वस्त्रांचे अर्थकारण

दैनंदिन वापर कमी झालेल्या गावांत विणकाम टिकून राहण्याचे मोठे कारण उत्सव हेच आहे. गावजत्रा, विवाह किंवा गेलागेत्साच्या पथकात जाण्यासाठी पूर्ण पोशाख लागतो आणि त्यासाठी गावातच मागणी निर्माण होते. मात्र ही मागणी वस्त्राचे रूपही बदलते. रंगमंचावर दुरून उठून दिसण्यासाठी रंग भडक होतात, एका गावाचा एकच नमुना अधिकृत ठरतो आणि त्याच गावातील इतर जुने प्रकार विस्मृतीत जातात.

किमतीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अनेक महिन्यांच्या श्रमाचा उईपिल दलालामार्फत विकला गेल्यास विणणारीच्या हाती किमतीचा अल्प वाटा येतो. पर्यटकांनी बाजारात घासाघीस करणे ही विणकरांची जुनी तक्रार आहे. यंत्रावर छापलेले वा भरलेले स्वस्त कपडे त्याच बाजारात 'हाताचे काम' म्हणून विकले जातात. तेओतित्लानच्या गालिच्यांची नक्षी काही आयातदारांनी भारतातील विणकरांकडून कमी मजुरीत विणून घेतली. अशा रीतीने दोन देशांतील हातमाग कारागीर नकळत एकमेकांचे स्पर्धक बनले.

नक्ष्यांची नक्कल आणि कायदा

२०१५ मध्ये मिहे समाजाच्या सान्ता मारिया त्लाहुइतोल्तेपेक या गावातील स्त्रियांच्या भरतकामाच्या सदऱ्याशी हुबेहूब जुळणारे वस्त्र फ्रान्समधील एका फॅशन रचनाकाराच्या संग्रहात आढळले. गावाने जाहीर निषेध केला. त्याच नक्षीवरून फ्रान्समध्ये दोन व्यावसायिकांत चाललेल्या वादात ही नक्षी मूळची त्लाहुइतोल्तेपेकची असल्याचे संबंधित रचनाकाराने मान्य केले. २०१६ मध्ये वाहाका विधिमंडळाने या गावच्या पोशाखाला अमूर्त सांस्कृतिक वारसा घोषित केले. मे २०२१ मध्ये मेक्सिकोच्या संस्कृती मंत्रालयाने वाहाकातील मिश्तेक, मिहे व सापोतेक समाजांच्या नक्ष्या वापरल्याबद्दल तीन आंतरराष्ट्रीय कंपन्यांकडे जाहीरपणे स्पष्टीकरण मागितले.

प्रचलित स्वामित्वहक्क कायदा एका निर्मात्याला ठरावीक मुदतीपुरते संरक्षण देतो. उईपिलाच्या नक्षीला असा एक निर्माता नसतो. ती पिढ्यान्‌पिढ्या गावाने घडवलेली असते आणि तिची निर्मिती आजही चालू असते. ही उणीव भरून काढण्यासाठी मेक्सिकोने मूलनिवासी व आफ्रो-मेक्सिकन समाजांच्या सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा संघीय कायदा केला आणि तो १७ जानेवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. या कायद्याने वारशावर समाजाची सामूहिक मालकी मान्य केली असून समाजाच्या स्वेच्छेने व पूर्वमाहितीसह दिलेल्या संमतीशिवाय त्याचा व्यापारी वापर करणे दंडनीय ठरवले आहे.

कायद्याच्या अंमलबजावणीत अडचणी आहेत. एकच नक्षी अनेक गावांत आढळत असल्यास संमती कोणी द्यावयाची, हे ठरवणे कठीण असते. परदेशात विक्री करणाऱ्या कंपन्यांवर मेक्सिकोचा कायदा थेट लागू करता येत नाही. शिवाय प्रत्येक गावाच्या नावाने नक्षीची नोंद केल्यास विणकरांचे परस्परांकडून शिकण्याचे स्वातंत्र्य मर्यादित होईल, अशी शंकाही व्यक्त केली जाते. कारण मखमल, चिनी फुले, लोकर व कृत्रिम रंग आत्मसात करतच ही परंपरा वाढली आहे. देवघेव आणि चोरी यांतील फरक संमती व मोबदला यांवर ठरतो, अशी भूमिका समाजांच्या प्रतिनिधींनी मांडली आहे.

जतन आणि संवर्धन

वाहाका शहरातील वस्त्र संग्रहालय २००८ मध्ये सुरू झाले. जुन्या वस्त्रांचे जतन, प्रदर्शने व कार्यशाळा यांबरोबरच विणकरांना आपल्याच गावचे जुने नमुने पाहता यावेत, हा त्याच्या कार्याचा भाग आहे. सापोतेक वंशाचे चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो यांच्या पुढाकाराने सान आगुस्तिन एत्ला येथील जुन्या सूतगिरणीत २००६ मध्ये कला केंद्र उभे राहिले. अनेक गावांत स्त्रियांच्या सहकारी संस्था दलालांना टाळून थेट विक्री करतात, तपकिरी कापसाचे बी जपतात आणि नैसर्गिक रंगांचे शिक्षण देतात.

स्थलांतर हे आजचे मोठे आव्हान आहे. वाहाकातून फार मोठ्या संख्येने लोक मेक्सिकोच्या उत्तर भागात व अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, गेले आहेत. त्यामुळे आईकडून मुलीकडे जाणारे शिक्षण खंडित होते. दुसरीकडे लॉस एंजेलिससारख्या शहरांत स्थलांतरितांनी स्वतःची गेलागेत्सा सुरू केली असून तिच्यासाठी लागणारे उईपिल गावाकडूनच मागवले जातात. गावातील तरुण विणकर समाजमाध्यमांवरून आपले काम विणणाऱ्याच्या व गावाच्या नावासह विकू लागले आहेत.

हेही पाहा

वाहाका, मोन्ते आल्बान, मित्ला, सापोतेक संस्कृती, फ्रीदा काहलो, बेनितो हुआरेस, कोचिनियल, नीळ, झेंडू, हातमाग